ऑटोवर काढलेला फोटो

प्रिय जया,

फोनवर मला मोठं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. तीन मिनिटांत मी जेवलीस का, पाऊस पडला का, इथवर येऊन थांबतो. म्हणून हे लिहितोय. परवा तू पुन्हा विचारलंस, "बा, तुले दुसरा कॅमेरा घेऊन देऊ का?" आणि मी नुसतं "नको" म्हणून फोन ठेवला. रुसली असशील.

स्टुडिओ बरा चाललाय. महागावात ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, तरी लग्नाला आणि पासपोर्टला लोकांना धनसिंगच लागतो. मागच्या आठवड्यात मारोतरावांनी कापसाच्या ढिगाजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. मी आळसानं कॅमेरा ऑटोवर ठेवला, म्हणजे उजेड त्याचा त्यानंच मोजायचा. समोर एवढं पांढरं आलं की ऑटोला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळंच मळकं करून टाकतं. मारोतराव भडकले, "धनसिंग, माह्या कापसाले काहून राखेत लोळवलं?" मग मॅन्युअलवर घेतला, आकडे माझ्या हातानं लावले, शटर जरा हळू केलं, तेव्हा कुठे कापूस कापसासारखा दिसला. त्यांनी चहा पाजला, पण टोमणे काही थांबवले नाहीत.

तू पहिल्या पगारातून हा कॅमेरा आणलास तेव्हा म्हणाली होतीस, "ऑटोवर ठेव अन् बटन दाब, कायले डोकं खपवतं?" किती ऐकवलं होतं मी तुला! पस्तीस वर्षं उजेड डोळ्यांनी मोजलेला माणूस मी, मला मशीन शिकवणार? आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

तुझ्या लग्नात शंकरसिंगकाकांनी मला बजावलं होतं, नवरीच्या बापानं कॅमेरा धरू नये. माझा भाऊ असला तरी त्याचं मी कधी ऐकलंय! सकाळपासून प्रत्येक फोटो मॅन्युअलवर काढला, एकही चुकला नाही. मग निरोपाची वेळ झाली. तू याडीच्या, आपल्या आईच्या, गळ्यात पडून ढावलो सुरू केलास, नवरीनं रडत गायचं ते आपलं बंजाऱ्यांचं गाणं. तुझ्या याडीनं तिच्या आईचा फेटिया आणि काचळी, तो आरशांनी मढवलेला घागरा आणि चोळी, घातली होती. भर दुपार, आणि अंगावरचा एकेक आरसा नुसता पेटलेला. अशा वेळी ऑटो फक्त आरसे बघतं आणि माणसं काळी करतं, हे मी झोपेतही सांगेन. तरी तेच झालं. आरसे लखलखीत आणि तुझ्या याडीचा, माझ्या रुपीबाईचा, चेहरा कोळसा. चार दिवसांनी तू माहेरी आलीस, तेव्हा फोटो बघताना सगळ्यांसमोर मी म्हणालो, "पोरीनं आणलेला कॅमेराच फसवा निघाला." तू मान खाली घातलीस. तुझी याडी तिथंच चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी थापत राहिली.

आठ महिन्यांनी ती गेली. त्या पोशाखातला तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. तू भिंतीला टेकून म्हणालीस, "मीच आणला व्हता ना तो कॅमेरा." तेव्हाही मी तुला खरं सांगितलं नाही. जया, त्याची मला फार लाज वाटते. दोन वर्षं तू कॅमेऱ्याचं विचारतेस आणि दर वेळी मी "नको" म्हणून फोन ठेवतो.

कॅमेऱ्यात काही दोष नाही. ढावलो सुरू झाला आणि मला कॅमेऱ्यातले उजेडाचे आकडेच दिसेनात, डोळे भरून आले होते. कॅमेरा खाली घेतला असता तर अख्ख्या तांड्याला धनसिंग रडताना दिसला असता. म्हणून तो तोंडासमोर तसाच धरला आणि वरची चकती मीच ऑटोवर फिरवली. कुणाला कळलं नाही असं मला कालपर्यंत वाटत होतं. काल संगणकावर त्या फोटोतला अंधार थोडाथोडा उचलत गेलो. दाणेदार आहे, पण तिचा चेहरा आला. प्रिंट सोबत पाठवतोय. नीट बघ, तिचा एक हात तुझ्या पाठीवर आहे. दुसऱ्या हातात ओढणीचा पदर आहे, आणि तुझ्या खांद्यावरून थेट माझ्याकडे बघत, डोळे पुसायला तो तिनं माझ्यापुढे केलाय.

तुझाच,
बा