उजवा हात बाकी

२४ एप्रिल १९९४
गौलीगुड्याची अंधारी खोली सोडून आज जामबागेत आलो. वरच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. माझा स्टुडिओ! कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती याचसाठी. अनुराधा पडदे शोधत होती. तिला म्हटलं, पडदेच नकोत. पाच वर्षांच्या तन्वीनं चित्र टेकवायच्या ईझलचं नाव घोडा ठेवलं.

घरमालकीण कुसुमताई चहा घेऊन आल्या. आधीचे किरायेदार दत्तोबाही चित्रंच काढायचे म्हणे. शेवटी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवावं लागलं. तुम्ही तरी आपल्या पायांनी हल्लू उतरा, म्हणून हसल्या.

२६ एप्रिल
बेगम बाजारातून आरसा आणला. नव्या खोलीचा उजेड आधी स्वतःवर पारखायचा, ही आमच्या गुरुजींची शिस्त. कॅनव्हासवर कोळशानं माझी बसलेली पूर्ण आकृती आखली. डावा गाल आणि कान रंगवले. छान उतरले.

२७ एप्रिल
दाढी करताना डावा गाल कापला. मला कळलंच नाही, अनुराधानं रक्त दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वारं लागलं असेल.

२९ एप्रिल
डावा हात रंगवून झाला. संध्याकाळी त्यावर चहा सांडला. फोड आलेत, दुखत नाहीत. घाबरायला हवं. तेवढं घाबरायलाही होत नाही.

१ मे
जे रंगवलं तेच बधिर होतंय. रंग ओला आहे तोवर पुसावा, म्हणून टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. गाल तसाच बधिर. घाईत कोळशाचे ओठही पुसले गेले.

तेव्हापासून आवाज फुटत नाही. अनुराधाला सगळं लिहून दाखवलं. नोकरी सोडल्याचा ताण आहे, म्हणाली. उद्या तिच्या कॉम्प्युटर कंपनीतून अर्धी रजा घेऊन मोठ्या डॉक्टरकडे नेणार आहे.

२ मे
अनुराधा ऑफिसला गेली. चित्र फेकायला वर आलो, तर तन्वी आधीच — बाबाचं राहिलेलं रंगवून देते म्हणे. चित्रातले दोन्ही पाय निळे.

जमिनीवर कोसळलो. उठता येत नाही.

पोट निळं.

उजवा हात तेवढा बाकी. ब्रश दे अशी खूण केली. हलू नको ना बाबा, म्हणून दटावलं मला.

वही पुढे केली. तिला अजून वाचता येत नाही —

बाबा एकटाच का बसलाय, विचारते. हात झाला की शेजारी तन्वी काढणार —

अनुराधा, आल्याबरोबर आधी तिला खाली ने, मग चित्र — तिची आकृती असेल तर पुसू नकोस, पुसलं तर

अंगठा