निळा ‘टोटल’

वसमत, मंगळवार, फेब्रुवारी २००३

कॉम्प्युटर प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत ‘टोटल’ हा शब्द माझ्या हातून निळा झाला आहे. प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये शब्द आपोआप रंगतात, पण तिथून वर्डमध्ये चिकटवला की रंग उडून जातात, म्हणून एकेक शब्द हातानेच रंगवला. त्यात हाही चुकून रंगला. आणि पोरांना शिकवलं मीच, की निळे शब्द प्रोग्रामिंगच्या भाषेचे, त्यांना हात लावायचा नाही. काळे तुम्ही दिलेल्या नावांचे, हवे तसे बदला.

आज लॅबमध्ये वैशाली दुसऱ्यांदा जागा बदलायला उठली.

"काहून उठलीस गं?"

"सर, पुस्तिकेत टोटल निळा हाय, अन् याच्यावर बी काळाच येऊन राहिला. मशीन खराब हाय."

प्रोग्राम तिचा नीट चालत होता. चूक पुस्तिकेची आहे, हे सांगणार तेवढ्यात विभागप्रमुख आले. त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, तर हसले. "अहो, रंगीत प्रिंटा नांदेडहून आणल्यात. उद्या कॉलेज तपासायला येणारी समिती रंगच बघणार, कोड कोण वाचून राहिलंय? पोरांना नंतर सांगा."

नंतर म्हणजे कधी? परवा त्यांची परीक्षा. ही पोरगी तिथंही मशीनच बदलत बसली तर? पण माझी नेमणूक कंत्राटी, आणि ती वाढवायची शिफारस याच गृहस्थांच्या हातात. निळा ‘टोटल’ डोळ्यांपुढून हलत नव्हता.

परत आलो तर वैशाली उभीच होती. "सर, मंग चांगली मशीन कोणती?"

विभागप्रमुख दारातून बघत होते. मी खिडकीजवळची मशीन दाखवली, आणि ती विश्वासाने तिथे जाऊन बसली.