काठीनं गाळलेलं नाव

सोलापूर, माघ वद्य तृतीया, शनिवार. दिवेलागण.

भाकऱ्या झाल्या, पण डोकं तव्यासारखं तापलेलंच आहे. दुपारी लेकीला, कुसुमला, घेऊन मुक्या शिनेमाला गेले. पडद्यावर येणारी अक्षरं लोकांना वाचून दाखवायला तिथं एक मास्तर काठी घेऊन उभा असतो. सुरुवातीलाच आलं: दिग्दर्शन, सकीनाबाई. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण एवढं वाचता येतं मला. मेल्यानं काठी त्या ओळीवरून सरळ खाली नेली. वाचलंच नाही!

मी बायकांच्या बाकावरून ओरडले, "ओ मास्तर, बाईचं नाव खाल्लं की!"

तर म्हणतो, "मावशी, ते नुसतं शोभेला लावत्यात. बाई कुटं शिनेमा काढती व्हय? नवऱ्यानं काढला असंल."

पुरुष हसले ते हसले, आमच्या बाकावरच्या बायासुद्धा फिदीफिदी हसल्या. ही सकीनाबाई आधी नाटकात होती, मग पडद्यावर आली, आता स्वतःची कंपनी काढून शिनेमे करते. शेजारच्या वकिलीणबाईंनी पेपरातून वाचून दाखवलं होतं. मग नवरा आला कुठून?

पण खरं झोंबलं ते वेगळंच. घरी येताना कुसुम म्हणाली, "आई, तूच चुकीचं वाचलं असशील. मास्तरला जास्त कळतंय की."

माझ्या पोटची पोर! आईच्या डोळ्यांपेक्षा तिला ती काठी खरी वाटली.

उद्या परत जाणार, कुसुमला घेऊनच. काठी ती ओळ गाळू दे, मी उभी राहून मोठ्यानं वाचणार. अडखळले तर अडखळले.