केप्लर ओथमधली सेवाज्येष्ठता

४ मे, रविवार. मेहरूण.
नात दिपमाला सुट्टीला पुण्याहून आली. कपड्यांची पिशवी एक, गेमच्या यंत्राच्या दोन. आल्या आल्या टीव्ही ताब्यात. गेमचं नाव ‘केप्लर ओथ’, म्हणजे केप्लरची शपथ. ती त्याने कधी घेतली, कुणी विचारू नये. अंतराळयान, कप्तान, सवंगडी, राक्षस. मूळ भाग दोन. तिसरा पुढच्या रविवारी येणार म्हणे. शिवाय पोटभाग वेगळेच. एकात यानाचा आचारी हॉटेल काढतो, एकात सगळे मिळून शनीच्या चंद्रावर मासे धरतात. कवितेला कुणी पोटकविता काढतं का? आमच्या चौथीच्या पुस्तकात चांदण्यांवर एकच कविता होती. जन्मभर पुरली.
संकल्प : शनिवारी ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. विषय, ‘व्हिडिओ गेम : कल्पनाशक्तीचे कब्रस्तान’.

५ मे
शत्रूचा अभ्यास सुरू. दिपमालेने मला वेगळा कप्तान करून दिला. म्हणाली, “नाना, ह्याचं काय वाटेल ते करा. माझ्या खेळाला तेवढा हात लावू नका.” कारण विचारलं. ती दहावीपासून खेळतेय. दुसऱ्या भागात जे जिवंत राहतील तेच सवंगडी तिसऱ्यात येतात, आणि तिने आजवर एकही मरू दिलेला नाही. आता शेवटची मोहीम राहिलीय, ती शनिवारी करायची, मग रविवारी आमच्या गल्लीतल्या मैत्रिणीबरोबर, नाजमीनबरोबर, तिसरा भाग. डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. चित्रांसाठी!
मी कशाला हात लावीन?

७ मे, दुपार
माझा कप्तान अजून पहिल्या खोलीतच आहे. भिंतीला धडका देतो. दाराच्या रचनेत दोष. एकदाचा पहारेकरी भेटला, त्याने अडवलं. उत्तरं चार दिलेली, चारही उर्मट. मी त्यातल्या त्यात नम्र निवडलं. त्याने गोळी घातली.
आमच्या सौ., कुंदाबाई, गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत टाकून नुकत्याच आत आल्या होत्या. हसल्या. ज्या बाईला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, तिने हसावं!

८ मे, दुपार
दिपमाला नाजमीनकडे गेलेली. तिचा कप्तान फक्त पाहिला. पाहण्याला हात लावणं म्हणत नाहीत.
यानाला मोठी खिडकी आहे. बाहेर तारेच तारे. कबूल करतो, चित्रकार बरा असावा. शाळेचं अंगण आठवलं, गॅसबत्तीतलं संमेलन आठवलं. खिडकीपाशी ओरिक नावाचा पांढऱ्या दाढीचा जुना सवंगडी उभा होता. मी चांदण्यांची कविता मोठ्याने म्हटली, सगळी कडवी. तो शेवटपर्यंत उभा. खोकला नाही, चुळबुळ नाही. माझे वर्ग असेच चिडीचूप ऐकायचे. ह्या कचऱ्यात एक तरी रसिक निघाला.
मग पडद्यावर त्याचा प्रश्न आला, निघायचं का? सभ्यतेला धरून ‘हो’ दाबलं. मोहीम सुरू झाली. त्यात माझा काय दोष?
गेम विचारू लागला : पाइपातून जाऊन दार कोण उघडेल? दुसऱ्या तुकडीचा प्रमुख कोण? कुंदाबाई मागून म्हणाल्या, “अहो, ती टिल पोरगी बघा ना, बोटाएवढी आहे. त्या म्हाताऱ्याला कुठे पाइपात घालता? लंगडतोय तो.” त्यांना समजावलं, की मुख्याध्यापक असताना मी सगळ्या नेमणुका सेवाज्येष्ठतेने केल्या आणि एकही तक्रार आली नाही. (कला शिक्षक कोर्टात गेला, तो अपवाद.) मानाचं काम आधी ज्येष्ठाला. पाइप ओरिकला. तुकडी त्याच्या खालोखालच्याला. टिल यानावर, नव्या माणसाने आधी बघून शिकावं.
ओरिक पाइपात अडकला. दार उघडलं नाही. तो तिथेच संपला, बाकीचे दारापाशी. राक्षस मात्र मेला, म्हणजे मोहीम फत्ते. कप्तान परतला, टिल यानावरच होती. मग ‘सेव्ह झाले’ असं आपोआप आलं. मी काहीही दाबलं नव्हतं.
कुंदाबाई म्हणाल्या, “आता पोरीला तुम्हीच सांगा.”

९ मे
सांगण्यासाठी योग्य वेळ शोधतोय. सकाळी ती झोपेत होती. दुपारी ऊन फार. संध्याकाळी ती आनंदात होती, तेव्हा तर नकोच.
खरं तर तिचं काम सोपं झालंय. माणसं कमी, गोंधळ कमी.

१० मे, शनिवार
व्याख्यान. संघाच्या रिवाजाप्रमाणे आधी शोकप्रस्ताव, तो मीच वाचतो. ह्या महिन्यात सुदैवाने कुणी गेलेलं नाही. तरी उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं, ‘कै. ओरिक’. मग पुढची नावंही आली. आवाज जरा बसला, कूलरमुळे. सगळे दोन मिनिटं उभे. खाली बसताना वरणगाव फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या चुडामणने विचारलं, “मास्तर, हाऊ ओरिक कोठला? आमना वरणगावना शे का?” म्हटलं, “भुसावळच्या बराच पलीकडचा.”
मागच्या रांगेत दिपमाला होती. माझं व्याख्यान ऐकायला, न सांगता आलेली. एवढंच म्हणाली, “टिल?”
मी म्हटलं, “सुखरूप. मीच वाचवली.”
ती उठून गेली. वेळेअभावी व्याख्यान रद्द.

११ मे, रविवार
तिसरा भाग आला. नाजमीनने एकटीने सुरू केला. दिपमाला पहिल्या भागाच्या पहिल्या खोलीत बसलीय, सगळं नव्याने. माझ्याशी बोलत नाही. शेजारी कुंदाबाई, हातात दुसरा रिमोट. दुसरी तुकडी त्यांच्याकडे!
मी माझा अनुभव देऊ केला. माझ्याकडे काय काम, असं विचारलं. कुंदाबाई म्हणाल्या, “तुम्ही यानावर थांबा.”
दारातून पाहिलं तर पडद्यावर ओरिक. जिवंत, दोन्ही पाय धड. मी हात केला. त्याने ओळख दाखवली नाही. दिपमालेला सांगितलं, हा एक तरी रसिक आहे बघ, माझी सगळी कविता उभ्याने ऐकली ह्याने.
ती मागे न वळता म्हणाली, “नाना, आपण बटण दाबेपर्यंत तो तसाच उभा असतो.”
आणि बटण दाबलं. तो निघून गेला.
गेमच तो. माझ्या वर्गात कसलं आलंय बटण?
घंटा होती.