शिवेच्या अलीकडे की पलीकडे

३ एप्रिल
आज पुन्हा पेडणे कोर्ट. सोबत सत्यामावशी. काजूबागेच्या शिवेवरून भांडण झालं, झटापटीत दीर गेला, तेव्हापासून ती जेलात. बायकांना आम्ही पोलीस बेडी घालत नाही, हात धरतो. नेता-आणता तिचा हात मला आईच्या हातापेक्षा ओळखीचा झालाय. काजूच्या तेलाने काळवंडलेली बोटं अजून उजळली नाहीत. आज हात तापलेला. चहात पावाचा उंडा बुडवून खाणारी बाई, उंडा तसाच परत केला. पुढची तारीख १०.

७ एप्रिल
मावशीचा ताप उतरला म्हणे. मी डॉक्टरांना म्हटलं, दोन पायऱ्या चढली की थांबते हो ही. "प्रवासाला हरकत नाही." मला होती. पण हवालदारणीची हरकत कोण ऐकतो!
संध्याकाळी नार्व्याला घरी. ओट्यावर बसले तर नकळत आईचं मनगट धरलेलं. आई म्हणते, "कैदी समाजलंस काय गो माका?" पोट धरून हसलो.

१० एप्रिल
हायवेवर ट्रक उलटला होता. ड्रायव्हर उल्हास म्हणाला, शिवोलीवरून काढू, पार्श्यातून. मावशीने मान वर केली. पार्से तिचं गाव. अटक झाल्यापासून पाहिलेलं नाही. "पार्सा इला काय माका उठव गो बाय." डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.
भर दुपार. जाळीतून येणाऱ्या सावल्या तिच्या लुगड्यावरून सरकत होत्या. चोपड्याचा पूल, खाली पाणी नुसतं पांढरं. मलाही गुंगी आली. आपण दोघी कुठेच चाललो नाही, झाडंच चाललीत, असं काहीतरी... मग काजूच्या बोंडांचा वास आला, आंबूस, गोड. कुठेतरी फेणीची भट्टी लागली होती. मावशीने माझी बोटं दाबली.
थोड्या वेळाने पार्श्याची पाटी, शीव ओलांडून जरा आत. "मावशे, इला गो पार्सा." उठली नाही.
गाडी सरळ सरकारी दवाखान्यात. नर्सने तिचा हात माझ्या हातातून सोडवला. तोवर मी धरूनच होते.

११ एप्रिल
मावशीचा मुलगा दत्ता आला. रडला नाही. त्यांच्याकडे रीत आहे, शिवेबाहेर प्राण गेला तर मढं गावात घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर अग्नी देतात. आत गेला तर घरी, सारवलेल्या अंगणात, तुळशीपुढे.
"मॅडम, माजी आवस शिंवेच्या भायर गेली की भितर?"
गावचे मानकरी, गावकर, म्हणतात, पोलीस जबाबात काय सांगतात ते प्रमाण. उद्या सकाळी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे माझा जबाब होता, तो परवावर गेला. मढं त्यानंतरच मिळणार.
उल्हास म्हणतो, "भितर म्हणून सांग आनी मोकळी हो. कोणाचा काय जाता?"
खरंच कोणाचं काय जातं? पण मला माहीतच नाही. बोटं दाबली तेव्हा ती होती, एवढंच. की गुंगीत मीच दाबली? वास पार्श्याचा म्हणावा, तर शिवेअलीकडच्या आगरवाड्यातही भट्ट्या आहेत.

१२ एप्रिल
रजा टाकली. स्कूटरने पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वेळेला. आगरवाड्यात वास नाही. बरं वाटलं. मग वारा फिरला आणि शिवेच्या कितीतरी अलीकडे वास आला. पुढे विरला. पाटीपाशी पुन्हा आला. स्कूटर लावून काजूखाली बसले, डोळे मिटले, उजव्या हाताने डावा हात धरला. कोण कोणाला दाबतंय ते कळेना. मावशीची आठवण इतकी आली की मोठ्याने हाक मारली. रस्त्यावरून जाणारा पाववाला पोदेर सायकल थांबवून बघत राहिला.
घरी पोचते तोच दत्ताचा फोन. म्हणाला, "मॅडम, आंगण सारवू मां?"
"सारव," म्हटलं.
आता उद्या सकाळी साहेब विचारतील तेव्हा...