प्रोपेनची पायरी

मुरुम, ५ जानेवारी २०२५

चि. क्षमा हीस बुद्धघोष आजोबांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रथम प्रतिज्ञा मांडतो. मला सिद्ध करायचे आहे ते एवढेच, की दोन संयुगांपैकी अधिक स्थिर कोणते हे ठरवणे मुळात तर्कशास्त्राचे काम आहे, आणि ज्याने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले तो ते प्रयोगशाळेत पाऊल न टाकताही करू शकतो. म्हणून कायम जागेसाठी समितीपुढे तू जो नमुना पाठ देणार आहेस, त्याची मांडणी मी करून देत आहे. फोनवर ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा खरा ठरतो. सबब हे पत्र.

तू धाडलेले प्रकरण दोनदा वाचले. ब्युटेन आणि आयसोब्युटेन हे दोन वायू घे. दोघांतही कार्बनचे चार अणू, हायड्रोजनचे दहा. एकाची साखळी सरळ, दुसऱ्याच्या साखळीला फांदी. जाळल्यावर उरते तेही सारखेच: तेवढाच कार्बन डायऑक्साइड, तेवढेच पाणी. मात्र आयसोब्युटेन जळताना उष्णता किंचित कमी निघते. अर्थात त्याची ऊर्जा मुळातच कमी होती, आणि ज्याची ऊर्जा कमी तो अधिक स्थिर. आता फळ्यावर जिना काढ. वर ब्युटेन, त्याखाली आयसोब्युटेन. प्रोपेन तर याहूनही कमी उष्णता देतो. तो तळाच्या पायरीवर, सर्वांत स्थिर. समितीला विचारायला काही उरणार नाही.

तुझी आजी म्हणते, पोरगी जेवते का ते आधी विचारा. तरी, जेवतेस का? लोभ कमी झाल्यास सकारण कळवावे.

तुझा,
आजोबा

*

अणदूर, ९ जानेवारी २०२५

आदरणीय आजोबांस क्षमाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. जेवते. घरमालकीण शिवलीलाकाकू भाकरी थापताना मी दारात दिसले की दुसरी आपोआप ताटात पडते. आजीला सांगा, अख्ख्या पत्रात तिचंच वाक्य मला एका वाचनात कळलं.

जिना लई आवडला. चार वर्षं तासिकांवर शिकवतेय. आता जागा एकच आणि उमेदवार तिघं. समितीत शंकरप्पा सर आहेत. ते म्हणे उमेदवाराला चुकायची वाट मोकळी करून देतात अन् स्वतः गप्प बसतात.

एक शंका आहे, रागावू नका. ब्युटेन आणि आयसोब्युटेनचे अणू सारखे. प्रोपेनला कार्बन तीनच. चुलीत लाकूडच कमी घातलं तर आच कमी लागणार. त्यावरून ते लाकूड जास्त स्थिर कसं म्हणावं? प्रोपेन जळून उरतं तेही कमीच. मग त्याला त्याच जिन्यावर उभं करता येईल का? तुम्ही म्हणाल तसं करते.

माया आहे तशी राहू द्यावी, वाद घातला तरी.

तुमची,
क्षमा

*

मुरुम, १२ जानेवारी २०२५

चि. क्षमा हीस सप्रेम जयभीम. वि. वि.

शंका वाचली. ती विद्यार्थ्याला शोभते, उमेदवाराला नाही. आपण हेतू, म्हणजे निष्कर्षाचे कारण, एकच धरला आहे: निघणारी उष्णता कमी. तो आयसोब्युटेनला लावायचा आणि प्रोपेनला नाही, असे केल्यास नियम उरत नाही, सोय उरते. लाकडाचा दृष्टान्त घरगुती आहे. तुझ्या आजीने तो ऐकून पोरीचं बरोबर हाय असा निकाल दिला. चुलीबाबत तिचा अधिकार मला मान्य आहे, रसायनाबाबत नाही.

प्रोपेन तळालाच राहील. समितीपुढे अडखळू नकोस. अडखळणाऱ्याचे बरोबर उत्तरही चुकीचे वाटते.

येथे तुरीची रास झाली. सर्व कुशल. लोभात खंड पडू देऊ नये.

तुझा,
आजोबा

*

अणदूर, २० जानेवारी २०२५

आदरणीय आजोबांस क्षमाचा सविनय जयभीम. वि. वि.

पाठ झाला. जागा मिळाली नाही. औशाच्या एका मुलीला मिळाली. तिनं खरंच चांगलं शिकवलं.

माझाही पाठ निम्म्यापर्यंत छान चालला. दोन पायऱ्या काढल्या, तिसरीसाठी खडू टेकवला आणि हात थांबला. शंकरप्पा सरांनी नेमकं तेच विचारलं, की प्रोपेन याहून कमी उष्णता देतो, मग त्याला खाली का लिहीत नाही. माझ्याकडं दोन उत्तरं होती, एक तुमचं अन् एक माझं. एका सरांनी घड्याळ पाहिलं. शेवटी मी म्हणाले, की जळून दोघांचं सारखंच उरत असेल तरच ही तुलना होते, प्रोपेनचा जिनाच वेगळा. सर म्हणाले, बरोबर. निकालानंतर व्हरांड्यात थांबवून मात्र म्हणाले, बाई, तुम्हाला येतं, पण येतं यावर तुमचाच भरवसा न्हाय; पोरं ते लगेच ओळखतात.

तुमच्या पत्राचा याच्याशी काही संबंध नाही. आजीलाही तसंच सांगा. जूनमध्ये दुसरी जाहिरात आहे, अर्ज करणार. काल अकरावीला दोनच पायऱ्यांचा जिना शिकवला. कुणी अडखळलं नाही, मीसुद्धा.

माझ्यावरचा लोभ जूनपर्यंत तरी टिकवावा, पुढचं पुढं.

तुमची,
क्षमा

*

मुरुम, २४ जानेवारी २०२५

चि. क्षमा हीस सप्रेम जयभीम. वि. वि.

'काही संबंध नाही' हे तुझे विधान तपासले. ते टिकत नाही. तू दोन उत्तरांच्या मध्ये उभी राहिलीस आणि त्यांतले एक तेथे मी ठेवले होते. ते नसते, तर अडखळण्याचे कारणच नव्हते.

माझ्या प्रतिज्ञेचा पूर्वार्ध मागे घेत नाही. हे काम तर्काचेच आहे. ते तू केलेस.

प्रोपेन तळाला लिहिला, तो समजुतीचा घोटाळा होता. अशा घोटाळ्याला दुरुस्ती असते, आणि तू ती करून पाठवली होतीस. तुझे लाकडाचे वाक्य वाचले त्या क्षणी माझे म्हणणे पडले. जळून उरते ते सारखे असावे ही अट मीच घातली होती आणि प्रोपेनपाशी मीच ती सोडून दिली, हे मला लख्ख दिसले. ते दिसल्यानंतर मी बसून दुसरे पत्र लिहिले. नातीपुढे हार मानायची नव्हती. तुझा पाठ कधी आहे हे ठाऊक असताना ते पत्र पेटीत टाकले.

जूनच्या पाठाची मांडणी तू कर. मला दाखवण्याची गरज नाही.

चूक एक. वर लिहिली आहे. मान्य.

(सही)
बुद्धघोष पिराजी बनसोडे