वहिनीची नळी आणि माझं फडकं

तीर्थरूप आत्या,

आधी वाकून नमस्कार, मग तुझ्या गुडघ्याची चौकशी, आणि गाडीचं सगळ्यात शेवटी. पत्राचा हा क्रम तूच मला शिकवलास, म्हणून पाळते आहे, नाहीतर आज हात थेट गाडीकडेच धावतो आहे. गुडघा आता कितपत वाकतो? जिने चढताना आधी चांगला पाय टाकतेस ना? (दुखरा आधी टाकायचा नसतो. डॉक्टरांनी सांगितलं असेलच, पण तू डॉक्टरांचं ऐकतेस असा घरात कुणाचाच समज नाही.) आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा खोकला गेला. दादा सुखात आहे. लग्नाला आठ महिने झाले तरी अजून जेवताना एकटाच हसतो.

तू लिहिलं होतंस की ऑपरेशनमुळे यंदा तुला क्लच दाबवणार नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात टेकडीची चढण तू बाजूच्या सीटवर बसून चढणार, आणि चालवणार आमच्यापैकी कुणीतरी. कोण, ते हवेच्या नळीचं काम झालं की कळवा, गाडी ज्याच्या हाताला ओळखते त्याने चालवावी. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. मी नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे हे गॅरेज होतं, आणि शिक्षक तू आणि बाबा. मी अक्षरं गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातून गिरवली, आणि बेरीज पान्यांच्या आकड्यांवर शिकले. तुझ्या याच दोन सीटच्या विटकरी गाडीत, बाजूच्या सीटवर बसून मी पाढे म्हटले आहेत. त्यामुळे गाडी कुणाच्या हाताला ओळखते हा प्रश्न मला प्रश्नच वाटला नव्हता. आता वाटतो. जे घडलं ते जसंच्या तसं, कुणाची बाजू न घेता लिहिते. (माझी घेतली गेलीच तर कंस करून सांगेन.)

जुन्या हवेच्या डब्याला तडा गेला होता हे तुला माहीत आहेच. तसा डबा आता कुठे मिळत नाही, आणि मिळाला तरी तो इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढत बसतो, म्हणून चढणीवर गाडी धापा टाकते. तेव्हा पुढच्या दिव्यामागून गार हवा घेणारी नवी नळी करायची ठरलं. मी कामाला लागले. तीन आठवडे मापं घेतली, पुठ्ठ्याचे चौदा नमुने केले आणि प्रत्येकावर तारीख घातली. चौदावा जवळजवळ बरोबर होता; फक्त बॉनेट बंद करताना पाव बोट अडत होता. मी पंधराव्याचा पुठ्ठा कापत होते तेव्हा वहिनी आली.

वहिनीचं काम तुला ठाऊक नसेल. ती पत्र्याच्या कारखान्यात आहे, मोठ्या स्वयंपाकघरांतली वाफ आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या बनवते. हवेला वळायला आवडत नाही, हे तिचं आवडतं वाक्य. माझे चौदा नमुने तिने ओळीने पाहिले, सातवा उचलला (सातवा! तो मी टाकून दिला होता) आणि म्हणाली, "वन्सं, हा झकास आहे की. याचं एक वळण काढलं की झालं." आणि दोन दुपारींत तिने अॅल्युमिनियमची नळी वाकवून, जोडून, घासून बाकावर आणून ठेवली. बॉनेट बंद झालं. बाबांनी जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं."

आत्या, बाबांचं "हं" काय असतं ते तुला सांगायला नको. मला ते आयुष्यात दोनदा मिळालं आहे, त्यातलं एक बहुधा खोकला असावा. वहिनीला ते आठ महिन्यांत मिळालं, आणि तिला ते मिळाल्याचं कळलंसुद्धा नाही. ती हातमोजे शोधत होती. मला आनंद झाला असं मी मोठ्याने म्हटलं. मग गार व्हायला आत जाऊन दोन पेले लिंबूपाणी प्यायले.

आता फडक्यांचं. आपल्याकडची पद्धत तूच घातलेली: इंजिनाचं तोंड उघडं राहिलं की आत नट पडू नये म्हणून त्यात फडकं कोंबायचं, शेपूट बाहेर ठेवायचं, आणि ज्याने कोंबलं त्याने गाडीची किल्ली गळ्यात घालायची. फडकं निघाल्याशिवाय किल्ली गळ्यातून निघत नाही. फडकंही प्रत्येकाचं आपापल्या जुन्या कपड्याचं, म्हणजे विसरलं तर कुणाचं ते विचारायला नको. बाबांची फडकी पट्ट्यांच्या शर्टाची, वहिनीची दादाच्या चांगल्या सदऱ्यांची (दादाला अजून कळलेलं नाही), माझी त्या पिवळ्या चौकड्यांच्या फ्रॉकची.

गुरुवारी दुपारी वहिनीने इंजिनाच्या तोंडात रीतसर फडकं कोंबलं आणि किल्ली गळ्यात घातली. नवी नळी अजून बाकावर होती, दोन्ही तोंडांनी उघडी, आणि शेजारीच बाबा पत्रा घासत होते. कीस उडत होता. तो नळीत गेला तर इंजिनात जाणार. हे वहिनीच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं. (इथे माझी बाजू घेतली गेली आहे.) सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती "अगंबाई, खरंच की" म्हणून गोड हसली असती, आणि ते हसू मला त्या दिवशी झेपलं नसतं. म्हणून मी गुपचूप माझं फडकं नळीत कोंबलं, आणि मी लुडबूड करते असं दिसू नये म्हणून शेपटासकट वळणापलीकडे ढकललं. किल्ली मागायला हवी होती, पण ती वहिनीच्या गळ्यात. एका गाडीत दोघांची दोन फडकी आपल्याकडे कधी गेलीच नव्हती, कारण गाडीला किल्ली एक. तेवढ्यात पंक्चरचं एक गिऱ्हाईक आलं, मी बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा नळी गाडीवर चढली होती.

वहिनीने आपलं फडकं काढून सगळ्यांना दाखवलं, किल्ली गळ्यातून काढली आणि गाडी सुरू केली. झाली. जागच्या जागी गुरगुरली. पण अॅक्सिलरेटर दाबला की घुसमटून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वहिनी नळीचे जोड तपासत राहिली, तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी बाबा म्हणाले, "वळण चुकलंय. काढा. जुन्या डब्यालाच पट्टी मारू." वहिनीने हातमोजे काढून ठेवले. आणि मला, आत्या, आनंद झाला. लपवत नाही. चौदावा नमुना पुन्हा डोळ्यांपुढे आला. टेकडी दिसली, बाजूच्या सीटवर तू दिसलीस, गिअर टाकणारा हात माझा दिसला. हा आनंद चाळीस मिनिटं टिकला. मग मी हात धुतले आणि पुसायला खांद्यावरचं फडकं घ्यायला गेले.

खांद्यावर फडकं नव्हतं.

ते कुठे आहे हे मला तेव्हा कुठे आठवलं. नळी उतरवली की ते सापडणार, आणि पिवळ्या चौकड्या अख्ख्या घराला पाठ आहेत. मी वहिनीला म्हटलं, तुम्ही दमलात, बसा, नळी मी उतरवते. तर तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, "वन्सं, तुम्ही किती चांगल्या आहात हो. मी चहा आणते." चांगलं म्हणवून घेताना इतकं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

नळी उतरवली, फिल्टर काढला, हात घातला. फडकं इंजिनाच्या ओढीने आत सरकून हवा मोजणाऱ्या यंत्राच्या जाळीला जाऊन चिकटलं होतं. (जाळी होती म्हणून इंजिन वाचलं. ही जाळी वहिनीनेच आग्रहाने ठेवली होती, हे प्रामाणिकपणे नमूद करते.) कोपरापर्यंत हात घालून मी ते पकडलं, आणि हात निघेना. मोकळा हात वळणातून जात होता, मूठ येत नव्हती. मूठ सोडावी तर पुरावा आत. अशी मी एका हाताला चकचकीत नळी घालून गॅरेजच्या मधोमध उभी, आणि वहिनी चहा घेऊन दारात, मागे बाबा.

"वन्सं, मूठ सोडा ना."

"नको."

"हातात काय आहे?" बाबा.

"काही नाही."

"काही नाही, तर मग काढ की हात."

 मी मूठ सोडली. वहिनीने तारेचा आकडा करून आत घातला आणि पिवळं फडकं हळूहळू बाहेर आलं, जत्रेतल्या जादूगाराच्या रुमालासारखं. बाबांनी ते उलगडून पाहिलं. मग वहिनीच म्हणाली, "चूक माझी हो बाबा. चढवण्याआधी नळीत डोकावून बघायला हवं होतं." हे फार झालं. माझी चूक तिने घेऊन जावी हे मला सहन होईना. मी सगळं सांगितलं. कीस, किल्ली, लिंबूपाणी, चाळीस मिनिटांचा आनंद, त्यात दिसलेली टेकडी. बाबा म्हणाले, "एवढं कुणी विचारलं नव्हतं." वहिनी इतकी हसली की चहा बशीत सांडला. म्हणाली, तिच्या कारखान्यात तिच्यावर जळणारे पाच जण आहेत, पण तिच्या नळीची इतकी काळजी घेऊन जळणारं तिने कुणी पाहिलं नव्हतं.

नळी पुन्हा चढवली. आत्या, गाडी आता काय श्वास घेते म्हणून सांगू! पाय दाबला की आधी दिव्यामागून एक खोल, घोगरी ओढ ऐकू येते, झोपेतून उठलेल्या वाघाने जांभई द्यावी तशी, आणि मग ती निघते. बाबा एक चक्कर मारून आले आणि उतरताना दार हळू लावलं. त्यांच्या हातून दार हळू लागल्याचं तुला आठवतं?

म्हणून माझं मत, विचारलंस त्याप्रमाणे. नळी वहिनीची, जाळी वहिनीची, फडकं तेवढं माझं. टेकडीवर गाडी वहिनीने चालवावी. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला, पण लिहिलं आहे, खोडलेलं नाही. गुडघ्याला जप. उत्तराची वाट बघते आहे, पण घाई नाही. (आहे.)

तुझ्या हाताखाली शिकलेली,
भाची

ता. क. सगळं खरंच लिहिलं आहे ना हे तपासायला पत्र वहिनीला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, छे, गाडी वन्संनीच चालवायची, मी घरून डबा भरून देईन. माझ्याआधी मोठेपणाही तिनेच करून टाकला! आणि तोही उभ्या उभ्या, जसा सातवा नमुना उचलला तसा. मी दोन दिवस घासून तयार केलेला त्याग तिच्या एका वाक्यापुढे पुठ्ठ्याचा दिसायला लागला. तेव्हा माझी खरी विनंती ही: काहीही झालं तरी गाडी तिलाच चालवायला लाव. या घरात मोठं मन निदान एकदा माझं ठरू दे.

ता. क. २. मात्र तिने पुन्हा नाही म्हटलं तर तू फार ताणू नकोस. तुला आत्ता दगदग बरी नाही.

ता. क. ३. वहिनी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि चालवणाऱ्याची सीट सध्या दोन खाचा पुढे आहे. ती तिथेच अडकली आहे असा वहिनीचा समज झाला आहे. मी तसं मुळीच म्हटलेलं नाही. मी फक्त तिच्यासमोर ती एकदा हळूच मागे ओढून पाहिली, आणि सुस्कारा सोडला.